वर्गातलं ‘आपण’



निजामाच्या राज्यात सरकारी शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असे की त्याची घंटा झाली की वर्ग फुटायचा. मुसलमान मुलं ‘दीनियात’ला बसायची आणि बाकीची ‘अखलाकियात’ला. दीनियात म्हणजे धर्माची शिकवण, अखलाकियात म्हणजे नीतीची. त्याच राज्यात नांदेड तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण होतं, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. दोन्हीकडे दरबारची भाषा उर्दू आणि शाळेचा कायदा हैदराबादचा. या व्यवस्थेकडे आज रागाने बघणं सोपं आहे, पण ती तशी क्रूर नव्हती. हिंदू मुलावर इस्लाम लादला जाऊ नये, एवढी काळजी तिने घेतलेली होती. तिची खोट वेगळीच होती. राज्यकर्त्याच्या धर्माला तिने ‘धर्म’ म्हटलं आणि इतर सगळ्यांच्या वाट्याला ‘नीती’ दिली. शिवाय ज्या एका तासाला मुलांनी एकमेकांबद्दल काही ऐकायला हवं, नेमक्या त्याच तासाला त्यांना वेगळ्या खोल्यांत बसवलं. दप्तर उचलून शेजारच्या खोलीत जाणारा नऊ वर्षांचा मुलगा त्या पाच-पंचवीस पावलांत जे शिकत असेल, ते दोन्ही पुस्तकांत छापलेलं नव्हतं.

पुढे १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हटलं, त्यांना काढून टाकण्यात आलं, आणि त्यातल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. या इतिहासाचं कौतुक आपण दर १७ सप्टेंबरला करतो. पण तो लढा सुरू झाला तो शिक्षणसंस्थेच्या आवारात कुणाची प्रार्थना चालेल, या प्रश्नावरून. म्हणजे मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातलं विद्यार्थ्यांचं पर्वच मुळी आजच्या विषयाला येऊन भिडतं. आणि योगायोग बघा: हैदराबाद १९४८ च्या १७ सप्टेंबरला भारतात आलं, आणि तीन महिनेही झाले नव्हते तोवर, ७ डिसेंबरला, दिल्लीत संविधान सभा नेमका हाच प्रश्न सोडवायला बसली. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यावं का? ज्या संस्थानाने या प्रश्नाचं एक उत्तर पिढीभर राबवून पाहिलं होतं, त्याचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी दिलेलं उत्तर आज अनुच्छेद २८ मध्ये आहे. संपूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणतंही धार्मिक शिक्षण दिलं जाणार नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत दिलं जात असेल तर ते संमतीशिवाय कुणावर लादता येणार नाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत ती संमती पालकाची. त्यांची कारणं व्यवहारातली होती. करातून उभा राहिलेला पैसा एका पंथाच्या शिकवणीवर कसा खर्चणार? सगळ्यांची शिकवण द्यायची तर ती कशी जमवणार? आणि प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा म्हणत असताना शाळेत शांतता कशी राखणार? त्याच चर्चेत एका सदस्याच्या शंकेला उत्तर देताना त्यांनी आणखी एक भेद केला, आणि माझं आजचं सगळं म्हणणं त्या भेदावर उभं आहे. सिद्धांत म्हणून श्रद्धा शिकवणं वेगळं आणि अभ्यास म्हणून धर्म जाणून घेणं वेगळं. मनाई पहिल्याला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये, पंजाबातल्या डी.ए.व्ही. कॉलेजच्या खटल्यात, गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असं सांगितलं. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात शालेय अभ्यासक्रमाबाबत हीच वाट पुन्हा मोकळी ठेवली. कायद्याची बाजू इतकी स्पष्ट असताना आपल्या शाळा मात्र नेमकं उलटं करतात. जे करायला मनाई आहे ते थोडं थोडं रोज होतं, आणि ज्याला परवानगी आहे ते कधीच होत नाही.

हे विधान जरा कडक वाटेल, म्हणून जिल्हा परिषदेच्या कोणत्याही प्राथमिक शाळेची सकाळ घ्या. परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, मग प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. प्रार्थना कुठली, हे बहुतेक वेळा शिक्षकाच्या आवडीवर ठरतं. दसऱ्याला पाटीपूजन असतं. जयंत्यांच्या दिवशी फोटोला हार, उदबत्ती, नारळ. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. शिक्षकाला हे सगळं धर्म वाटतच नाही, संस्कार वाटतो. (प्रार्थनेचा प्रश्न तसा हलका नाही: केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेबद्दलची याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवण्यायोग्य मानली.) पण उदबत्तीपेक्षा जास्त काम करतो तो एक शब्द. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही दोन सर्वनामं आहेत. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये आत येतो. हिंदीला ही सोय नाही, इंग्रजीलाही नाही. आता चौथीच्या वर्गात गुरुजी म्हणतात, “आपण गणपती बसवतो, आपण दिवाळीला फराळ करतो.” वर्गात एक मुलगी बौद्ध आहे, एक मुलगा शीख आहे, दोघं मुसलमान आहेत. त्या ‘आपण’मध्ये ही मुलं आहेत का? आहेत म्हणावं तर त्यांच्या घराबद्दल खोटं बोललं गेलं. नाहीत म्हणावं तर त्यांना वर्गात बसल्या बसल्या बाहेर काढलं. आणि लगेच पुढच्या वाक्यात, “ईद हा मुस्लिम बांधवांचा सण आहे.” ‘बांधव’ या शब्दात प्रेम असेलही, पण आपण ज्याच्याशी रोज डबा वाटून खातो त्याला कुणी बांधव म्हणत नाही. निजामाला वर्ग फोडायला दोन खोल्या लागल्या होत्या. आपल्याला एक सर्वनाम पुरतं.

मग यावर उपाय म्हणून सगळ्यांत वजनदार सरकारी कागद कुठून आला, हे नांदेडकरांना सांगायला हवं. नांदेडच्याच शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने १९९९ मध्ये मूल्याधिष्ठित शिक्षणावर अहवाल दिला. अरुणा रॉय खटल्याच्या निकालात या अहवालाचा आधार विस्ताराने घेतलेला आहे. धर्म हा शब्द उच्चारायला घाबरणाऱ्या शिक्षणखात्याला या समितीने धीर दिला, हे तिचं श्रेय. सर्व धर्मांची तोंडओळख मुलांना झाली पाहिजे, हेही तिने स्वच्छ सांगितलं. तरीही तिच्या दोन गोष्टी मला पटत नाहीत. तिने ही सुरुवात माध्यमिकच्या आधीच्या, म्हणजे उच्च प्राथमिक टप्प्यावर ठेवली. आणि सगळ्या धर्मांचं मूळ तत्त्व एकच असून फरक फक्त आचारांत आहे, हे मुलांना कळावं असं म्हटलं. या दोन्ही गोष्टी एकाच गैरसमजातून येतात. तत्त्व खोल आणि आचार वरवरचा, असं मोठ्यांना वाटतं. मुलाचं उलट असतं. आठ वर्षांच्या मुलाला मोक्ष, तौहीद, निर्वाण यातलं काही कळत नाही, पण शेजारच्या घरी सकाळपासून कुणी पाणीसुद्धा प्यालेलं नाही, हे त्याला पक्कं कळतं. त्याचे प्रश्न आचाराचे असतात: तू डोक्यावर पटका का बांधतोस? तुझ्या गळ्यात ते काय आहे? तुमच्यात जाळतात की पुरतात? आणि ‘सगळं एकच’ हे उत्तर त्याला फसवं वाटतं, कारण त्याला फरक दिसत असतो. बारा-तेराव्या वर्षी हीच मुलं दुसऱ्या कुणाकडून ऐकतात की ते लोक आपल्यासारखे मुळीच नाहीत. तेव्हा शाळेचं ‘सगळं एकच’ एका झटक्यात खोटं पडतं, आणि त्याच्याबरोबर शाळेवरचा विश्वासही जातो. फरक आधीच, शांतपणे, शाळेनेच दाखवलेला असेल तर तो फरक शस्त्र म्हणून वापरणाऱ्याच्या हाती फारसं काही उरत नाही.

फरक दाखवायला नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३.६ लाख आणि लातूरची २४.५ लाख होती. दोन्हीकडे साधारण सातवा माणूस मुसलमान. नांदेडात बौद्धांची वस्ती दाट, लातुरात लिंगायतांची. माहूरला एकाच डोंगराळ टापूत रेणुका आहे, दत्तशिखर आहे, महानुभावांची दत्तात्रेयप्रभूंवरची श्रद्धा आहे आणि सोनापीर दर्गाही आहे. लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा, शेजारी कंधारला हाजी सय्याहांचा उरूस. लातूर शहरात सिद्धेश्वराची यात्रा आणि सुरत शहावलींचा दर्गा. पण यादी म्हणजे शिक्षण नव्हे. अशी यादी दिनविशेषात रोज वाचली जातेच. एकच गोष्ट जवळून घ्या. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब तख्तावर रोज गोदावरीचं पाणी येतं. ते आणणाऱ्या सेवेकऱ्याला गागरिया सिंग म्हणतात. चांदीची गागर भरून तो नदीवरून पायी येतो. आता हाच धडा समजा. मुलांना नदी माहीत आहे, घागर माहीत आहे, ओझं माहीत आहे. गुरुजी विचारतात, नळ असताना नदीवरून पाणी का? मुलं उत्तरं देतात. मग कळतं की १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचा देह याच गावी शांत झाला, त्याआधी त्यांनी यापुढे ग्रंथालाच गुरू मानण्यास सांगितलं असं शीख मानतात, आणि म्हणून तिथे ग्रंथाला गुरूचा मान आहे. मग वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या घरी पाण्याला कधी मान मिळतो ते सांगायचं. कुणी वजू सांगेल, कुणी तीर्थ, कुणी कावड. कुणी म्हणेल, आमच्यात तसं काही नाही, पण चवदार तळं आहे. हे शेवटचं उत्तर आलं की त्या वर्गाने एका तासात पुष्कळ मजल मारली असं समजावं, कारण इथे पाणी पवित्र असण्यावरून गोष्ट पाणी नाकारलं जाण्यावर आली. सगळं एकच नाही. पण एका घागरीभोवती सगळ्यांना बोलता आलं.

आणि नामदेव. नरसी नामदेव हे गाव हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे नांदेडहून जवळच. मराठीच्या पुस्तकात नामदेव वारकरी संत म्हणून येतात, ते योग्यच. त्याच नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यात कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद आहेत. म्हणजे ज्या ग्रंथाला नांदेडचा शीख मुलगा रोज माथा टेकतो त्यात एका मराठी शिंप्याचे शब्द आहेत, आणि हे त्याच्या बाकावरच्या वारकरी मुलाला माहीत नाही. पुष्कळदा त्या शीख मुलालाही माहीत नसतं. हे सांगण्यात धर्मप्रचार कुठे आला? ही वाङ्मयाच्या इतिहासातली साधी नोंद आहे. ती चौथीच्या पुस्तकात का नसावी, याचं सबळ कारण मला तरी सापडलेलं नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: मुलं लहान आहेत, त्यांच्या मनात भेद कशाला भरवता? ज्यांना असं वाटतं त्यांनी हजेरीपटावरची आडनावं वाचताना मुलांचे चेहरे पाहावेत. भेद मुलांना घरीच कळलेला असतो. कळलेला नसतो तो त्याचा अर्थ. शिवाय नुसतं एका बाकावर बसल्याने माणसं एकमेकांची होतात, हा भाबडेपणा निदान मराठवाड्याने करू नये. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात नांदेड जिल्ह्यातली गावं पेटली, दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. ती गावं एका शाळेची होती. हल्ला करणारे आणि ज्यांच्यावर हल्ला झाला ते, यांतल्या कित्येकांनी एकाच गुरुजींकडे बाराखडी गिरवली असणार. शाळेने त्यांना शेजारी बसवलं, पण शेजाऱ्याने १९५६ मध्ये धर्म का बदलला, बावीस प्रतिज्ञा का घेतल्या, हे त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दंगल टळली असती असा माझा दावा नाही; दंगलीची कारणं जमिनीत आणि जातीत होती. पण शेजारी बसवलं की काम झालं, हा युक्तिवाद त्या वर्षी कायमचा संपला.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. शिक्षकाचं काय? त्याला स्वतःचा धर्म आहे, मतं आहेत, हातात मोबाइल आहे आणि त्यावर दिवसभर काय येतं ते आपण जाणतो. धर्माचा तास त्याच्या हाती दिला तर तो प्रवचन करील, किंवा त्याहून वाईट, तिरकस बोलेल. ही भीती मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी वेगळा तास मागत नाही, वेगळं पुस्तकही मागत नाही. मी व्याकरणाची शिस्त मागतो. धर्माबद्दलचं प्रत्येक वाक्य ‘मानतात’, ‘करतात’, ‘म्हणतात’ या क्रियापदांवर संपलं पाहिजे. “महंमद शेवटचे पैगंबर आहेत असं मुसलमान मानतात.” “लिंगायत इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करतात.” “बौद्ध विश्वनिर्मात्या देवाला मानत नाहीत.” कर्ता आला, क्रियापद आलं, वाक्य खरं झालं, आणि ते शिक्षकाच्या श्रद्धेवर अवलंबून राहिलं नाही. ‘आपण’ राखून ठेवायचं ते वर्गासाठी: आपण सहलीला गेलो, आपण झाड लावलं. मूल कधीतरी विचारणारच, “सर, मग खरं कुणाचं?” तेव्हा “सगळ्यांचंच” हे उत्तर देऊ नये, ते उत्तर म्हणजेसुद्धा एक धर्ममतच आहे. “हे शाळा ठरवत नाही, तू मोठा होऊन वाच, विचार कर,” एवढं पुरे. जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’मध्ये एकाच घरातल्या माणसांनी वेगवेगळे धर्म स्वीकारून सुखाने नांदण्याची कल्पना केली होती. ती शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची कल्पना आजही घरांना झेपत नाही. शाळेला निदान तिचं व्याकरण झेपावं.

श्रद्धा नसलेला माणूस धर्म शिकवू शकेल का, असंही विचारतात. नांदेडात तरी हा प्रश्न विचारावा लागू नये. नरहर कुरुंदकर नास्तिक होते आणि नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते. मनुस्मृतीवर त्यांनी लिहिलं, इस्लामवर लिहिलं, आणि विरोधकांनाही आधी ते वाचावं लागलं. मान न झुकवता वाचता येतं आणि न वाचता अनादर करता येत नाही, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. उलट बाजूच्या बुद्धिवादी मित्रांचं म्हणणं असतं की धर्म शाळेच्या दाराबाहेरच ठेवा. गांधीजींनीसुद्धा १९३७ च्या वर्धा योजनेत धर्मशिक्षण ठेवलं नव्हतं, कारण धर्म ज्या तऱ्हेने शिकवले आणि आचरले जात होते त्यातून ऐक्याऐवजी कलह वाढेल असं त्यांना वाटलं. कारण बरोबर होतं. पण दाराबाहेर ठेवलेला धर्म बाहेर नुसता उभा राहत नाही. तो मुलांना गाठतो. बाहेर शिकवणाऱ्यांची कमतरता नाही, आणि त्यांना क्रियापदाची शिस्त नाही.

एक अडचण मात्र माझ्या युक्तिवादालाही पुरून उरते. नांदेड, उदगीर, कंधार, औसा इथे मुसलमान मुलांतली पुष्कळशी उर्दू माध्यमात जातात. दीनियातच्या तासाला वर्ग फुटायचा. इथे तर शाळाच वेगळी. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क मोठा आहे, त्याला हात लावावा असं मी म्हणणार नाही. पण मग हा धडा दोन्ही माध्यमांत हवा, आणि वर्षातून काही दिवस दोन शाळांची मुलं एका आवारात हवीत. एरवी गागरियाची गोष्ट ज्यांना सांगायची तीच मुलं वर्गात नसतील.

परीक्षेतल्या गुणांवर सगळा भर देणाऱ्या लातूर पॅटर्नची छाया पहिलीपर्यंत उतरली आहे, हेही विसरून चालणार नाही. ज्याला गुण नाहीत तो तास गणिताला आणि शिष्यवृत्तीच्या सरावाला जातो. मूल्यशिक्षणाचं पुष्कळ ठिकाणी हेच झालं. म्हणून हे काम परिसर अभ्यासात आणि भाषेत विरघळलेलं हवं. त्याचा मजकूर पुण्याहून छापून येऊ नये, कारण पुण्याला माळेगावची यात्रा यादीत दिसते, हातात काठी आणि घोंगडी घेतलेली दिसत नाही. इंग्लंडात अभ्यासक्रम स्थानिक पातळीवर, शिक्षक आणि निरनिराळ्या पंथांच्या प्रतिनिधींनी मिळून ठरवण्याची पद्धत आहे; १९७५ मध्ये बर्मिंगहॅमने अशाच तऱ्हेने ख्रिस्तेतर धर्म शाळेत आणले, आणि गदारोळही ओढवून घेतला. त्यांच्या कायद्यातली सक्तीची सामूहिक उपासना आपल्याला नको. पण पद्धत घेण्याजोगी आहे, आणि आपल्याकडे तिला तयार चौकट आहे. प्रत्येक केंद्राची शिक्षण परिषद भरते. केंद्रप्रमुख, दहा-पंधरा शाळांचे शिक्षक, दुपारचा चहा, आणि बहुधा माहिती भरण्याची पत्रकं. त्यातली एक परिषद याला द्यावी. आपल्या केंद्राच्या पायी जाण्याच्या अंतरात कोणती देवळं, दर्गे, विहारं, मठ, गुरुद्वारे, चर्च आहेत. तिथे कोण जातं, काय करतं, काय मानतं. मुलं काय विचारतील, आणि त्या प्रश्नाला कोणत्या क्रियापदाने उत्तर द्यायचं. एका वहीत प्रत्येक ठिकाणाला एक पान. लिहून झालं की ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यातल्या एकाला दाखवायचं, आणि तो जे खोडील ते खोडायचं. बदली होऊन नवा शिक्षक आला की रुजू होण्याच्या दिवशी शाळेच्या किल्ल्यांबरोबर ती वही त्याच्या हातात द्यायची.